बेवारस डब्यांचे वारस

सिएटलच्या पूर्वेला इसाक्वा नावाचं गाव आहे आणि गावाच्या पाठीशी टायगर माउंटन. ऑक्टोबर लागला की या डोंगरात कागद टिकत नाही. इथला पाऊस आपल्याकडच्यासारखा कोसळत नाही. झिमझिमतो, आणि एप्रिलपर्यंत झिमझिमतच राहतो. सूचिपर्णी झाडांच्या खोडांवर शेवाळाचे जाड थर चढतात, पायवाटांवर वीतभर लांबीच्या पिवळ्या गोगलगाई फिरतात. याच रानात, पडलेल्या ओंडक्यांच्या पोकळीत, पुलांच्या कठड्यांमागे, नेच्यांच्या गचपणात डबे लपवलेले आहेत आणि प्रत्येक डब्यात एक वही आहे. ती भिजते. शाई फुटते, पानं एकमेकांना चिकटतात, झाकण उघडलं की कुबट वास येतो. मालकाला पत्ता लागेपर्यंत महिने उलटतात. कधीकधी मालकालाच पत्ता नसतो. या ओल्या वह्यांचं काय करायचं आणि कोणी करायचं, यावर जगभरची शहाणीसुरती माणसं गेली पंचवीस वर्षं हिरिरीने भांडत आहेत. मला या खेळापेक्षा त्या भांडणातच जास्त रस आहे.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निर्णय जाहीर केला. जीपीएसच्या उपग्रहांकडून सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संदेशांत अमेरिकी लष्कर मुद्दाम थोडी चूक मिसळत असे. ती बंद झाली. तोवर हातातलं यंत्र दाखवील ती जागा शंभर मीटर इकडेतिकडे असू शकत होती. एका रात्रीत तो फरक दहा-वीस मीटरांवर आला. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक प्लास्टिकची बादली अर्धवट पुरली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा सीलबंद डबा. सोबत वही आणि पेन्सिल. मग त्याने बादलीचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ज्याला सापडेल त्याने काहीतरी घ्यावं, काहीतरी ठेवावं आणि वहीत नाव लिहावं. माइक टीग हा ती शोधणारा पहिला. सप्टेंबरात जेरेमी आयरिशने या डब्यांची यादी ठेवणारं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा जगात असे ७५ डबे ठाऊक होते. आज चालू असलेले डबे तीस लाखांच्या वर आहेत, अंटार्क्टिकासकट सगळ्या खंडांवर.

गंमत म्हणजे उल्मरची बादली आजच्या नियमांत बसली नसती. जमीन खोदून डबा पुरायला बंदी आहे, कारण जागामालक आणि वनखाती हैराण होतात. खाद्यपदार्थांना बंदी आहे, कारण उंदरांपासून अस्वलांपर्यंत सगळ्यांना झाकणं उघडता येतात. बादली फार काळ टिकलीही नाही. पण घेवड्याचा तो डबा पुढे त्याच जागी सापडला आणि आता खेळाडूंच्या मेळाव्यांत तो देवघरातल्या टाकासारखा मिरवला जातो. जागेवर २००३ साली एक स्मृतिफलक बसला. तोही या खेळाच्या चाहत्यांनीच बसवला.

खेळाचा कणा मात्र सुरुवातीपासून एकच आहे: प्रत्येक डब्याला एक मालक असतो आणि देखभाल त्याची असते. संकेतस्थळावर डबा नोंदवतानाच तो हे कबूल करतो की मी अधूनमधून जाऊन बघेन, वही भरली की बदलेन, झाकण फुटलं तर नवं आणेन, कोणी तक्रार नोंदवली तर दखल घेईन. म्हणूनच सुट्टीवर गेलेल्या माणसाने परमुलखात डबा लपवून घरी परतणं नियमाला मंजूर नाही. तिथे देखभाल करणारा स्थानिक माणूस दाखवावा लागतो. कागदावर हे सगळं चोख आहे. प्रत्यक्षात माणसं नोकरी बदलतात, गुडघे बदलतात, घटस्फोट घेतात, मरतात. डबा तिथेच राहतो.

मग येतात मदतनीस.

ज्यांच्यासोबत मी या वाटा तुडवतो त्या बाई शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या आहेत. स्वतःचे डबे त्यांनी फार लपवलेले नाहीत. इतरांचे सुधारण्यातच त्यांचे शनिवार जातात. पाठीवरच्या पिशवीत जुन्या टॉवेलचे तुकडे, झिपच्या लहानमोठ्या पिशव्या, पावसातही लिहिता येईल अशा खास कागदाच्या वह्या आणि पट्ट्या, पेन्सिली, चिमटा, सिलिका जेलच्या पुड्या, रबरी कड्या, चिकटपट्टी. पेन नाही. गारठ्यात पेन चालत नाही आणि त्याची शाई ओलीत फुटते. पेन्सिलीचं अक्षर राहतं. चिमटा लागतो तो नखाएवढ्या लोहचुंबकी डब्यांसाठी. त्यांतली वही म्हणजे बारीक गुंडाळलेली कागदाची पट्टी असते आणि ती बोटांनी निघत नाही.

वही बदलण्यापूर्वी पाणी कुठून आलं ते शोधायचं, हा बाईंचा शिरस्ता. बहुतेक वेळा गुन्हेगार झिपची पिशवीच असते. वही कोरडी राहावी म्हणून ती पिशवीत घालतात, घाईत पिशवीचं टोक झाकण आणि रबराच्या मध्ये अडकतं आणि त्या फटीतून थेंबाथेंबाने पाणी आत शिरतं. म्हणजे वहीच्या रक्षणासाठी आणलेली पिशवीच वही बुडवते. दुसरं कारण डबा. फोटोच्या फिल्मची डबी फुकट मिळायची म्हणून खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत सर्रास वापरली गेली. ती जलरोधक नव्हतीच. स्वयंपाकघरातले चार बाजूंनी खटके लागणारे डबे दोन-चार हिवाळे काढतात, मग खटका तुटतो. सगळ्यांत टिकाऊ म्हणजे अमेरिकी लष्कराची दारूगोळ्याची पोलादी पेटी. जाड रबर, करकचून बसणारा खटका. वीस वर्षांपूर्वीची अशी पेटी उघडल्यावर पहिल्याच पानावरची तारीख स्वच्छ वाचता येते.

बाई जुनी वही फेकत नाहीत. घरी नेऊन टिपकागदांत दाबून वाळवतात, मालकाला निरोप पाठवतात आणि त्याला हवी असेल तर टपालाने धाडतात. बहुतेकांना नको असते. उत्तर न देणारेही पुष्कळ.

इथवर भांडणाचं काही कारण दिसत नाही. कोणी कोरडा कागद ठेवला तर कुणाचं काय बिघडलं? पण बिघडतं. डब्याचं एक पान संकेतस्थळावर असतं. डबा भिजलाय, फुटलाय असं कोणी कळवलं की त्या पानावर पान्याचं लाल चिन्ह उमटतं. ते चिन्ह फक्त मालकच काढू शकतो, आपण देखभाल केली अशी नोंद करून. बाईंनी डबा नव्यासारखा केला तरी पानावरचा पाना तसाच राहतो. उलटही होतं: सगळे मदतनीस गुपचूप कागद बदलत राहतात, तक्रार कोणीच नोंदवत नाही, आणि दहा वर्षांपूर्वी खेळ सोडून दिलेल्या मालकाचा डबा नकाशावर ठणठणीत दिसतो.

या उलट बाजूवरच कडवे लोक बोट ठेवतात. मेळाव्याच्या न्याहारीला एका गृहस्थाने मला कॉफी थंड होईपर्यंत समजावलं. मालक नसलेला डबा म्हणजे अडवून ठेवलेली जागा, असा त्यांचा मुद्दा होता. नियमाने दोन डब्यांत किमान १६१ मीटरांचं अंतर लागतं. मोक्याच्या धबधब्याजवळची जागा कुण्या गायब माणसाच्या नावावर अडकली, तर नव्या खेळाडूने डबा लपवायचा कुठे? तुमच्या बाई उपकार करतात असं तुम्हाला वाटतं. त्या प्रत्यक्षात मृताच्या नावाने भाडं भरत आहेत. वाक्य टोकदार होतं. बाई शेजारच्याच टेबलावर होत्या, त्यांनी ऐकलं असावं. बोलल्या नाहीत, पावाला लोणी लावत राहिल्या.

गृहस्थांचा मुद्दा मला अर्धा पटतो. पटतो तो डब्याच्या बाबतीत, वहीच्या नाही.

खेळात एक बदनाम प्रकार आहे, त्याला थ्रोडाउन म्हणतात. आपण जागेवर पोचलो, अर्धा तास हुडकलं, डबा काही हाती लागेना. हरवलाच असणार, असं मनाला सांगायचं, खिशातून एक डबी काढायची, तिथेच ठेवायची, तिच्यातल्या कागदावर स्वतःचं नाव लिहायचं आणि संकेतस्थळावर ‘सापडला’ म्हणून नोंद करायची. वर मालकाची मदत केली असं जाहीर करायचं. आता हरवला म्हणून सोडून दिलेला मूळ डबा पुष्कळदा तिथेच, वीतभर आत असतो. मग एका जागी दोन डबे होतात, कधी तीन. पुढच्यांना चुकीचा सापडतो. मालकाने विचारपूर्वक निवडलेली अवघड पोकळी फुकट जाते आणि दगडाखाली सरकवलेली डबी भाव खाऊन जाते. नियम सांगतो की मालकाच्या परवानगीवाचून बदली डबा ठेवू नका. आणि ठेवलेल्या डबीची जबाबदारी मालकावर येत नाही. तरी हे थांबत नाही, कारण प्रत्येक सापडलेल्या डब्यामागे नावापुढचा आकडा एकाने वाढतो. परोपकार आणि आकड्याची हाव यांची इतकी सोयीची सोयरीक दुसरीकडे क्वचितच जुळत असेल.

याच खेळात असेही मुलूख आहेत जिथे हाच प्रकार रीत मानला जातो. नेव्हाडाच्या वाळवंटात ३७५ क्रमांकाचा रस्ता आहे, परग्रहवासीयांच्या कथांमुळे ‘ईटी हायवे’ म्हणून प्रसिद्ध. त्याच्या कडेने २०१० साली ओळीने हजाराहून जास्त डबे लावले गेले. गाडी थांबवायची, डबी उचलायची, सही करायची, पुढे. अशा रांगांचे मालक स्वतःच सांगतात की डबी गेली असेल तर तुम्हीच नवी ठेवा. काही बहाद्दर तर पहिल्या थांब्यावरची डबी उचलून गाडीत सही करतात आणि दुसऱ्या थांब्यावर ठेवतात, दुसरीची तिसऱ्यावर. सगळ्या डब्या वाळवंटातून एकेक घर पुढे सरकत राहतात. मला यात खेळ दिसत नाही, पण मालकाने स्वतः दार उघडं ठेवलंय, तेव्हा तक्रार कोण करणार? मुद्दा परवानगीचाच आहे.

परवानगी देणारा उरला नाही तर काय? त्याचीही पद्धत आहे. संकेतस्थळाचे परीक्षक असतात, सगळे स्वयंसेवक. नवा डबा तेच तपासून नकाशावर चढवतात आणि आजारी डबा तेच उतरवतात. तक्रारी साचल्या आणि मालक गप्प राहिला की परीक्षक पान तात्पुरतं बंद करतात आणि साधारण महिन्याभराची मुदत देतात. तरीही हालचाल नसेल तर पान कायमचं बंद. जुन्या नोंदी वाचता येतात, पण डबा नकाशावरून जातो आणि सहसा परत येत नाही. दत्तक देण्याची सोय आहे: मालक आपला डबा दुसऱ्या खेळाडूच्या नावावर करू शकतो. मात्र त्यासाठी मालकाची संमती हवी. वारलेल्या माणसाची संमती आणायची कुठून? अशा डब्यांचं काय होतं ते मी पाहिलंय. मित्रमंडळी वर्षानुवर्षं न बोलता सांभाळतात. कुणी वही बदलतो, कुणी वाढलेल्या काटेरी वेली छाटतो. परीक्षकांनाही माहीत असतं. तक्रार आली नाही तर तेही तिकडे बघत नाहीत.

नियमाच्या दृष्टीने ही पळवाट आहे. मला ती मान्य आहे, एका अटीवर: सांभाळणाऱ्याने स्वतःला मालक समजू नये. बाई ही अट न सांगता पाळतात. झाकण बदललं तर जुन्याच रंगाचं शोधतात. डबा ज्या पोकळीत होता तिथेच, त्याच बाजूने सरकवतात. जास्त सोयीची जागा दोन हातांवर दिसत असली तरी. एकदा मी तसं सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

आपल्याकडे गडांवर जाणाऱ्यांना हा ताण नवा वाटणार नाही. पाण्याच्या टाक्यातला गाळ उपसायला गेलेल्या पोरांच्या हातात फावडं असतं, मनात प्रेम असतं, आणि समोर पुरातत्त्व खात्याचा फलक असतो की १९५८च्या कायद्याखाली हे स्मारक संरक्षित आहे. गाळ काढणं आणि ढासळलेल्या तटाला सिमेंट फासणं यांत फरक आहे, हे शहाण्या संस्थांनी केव्हाच ओळखलंय.

बदली डबा ठेवण्याचा मोह टाळल्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण इसाक्वाहून तासाभराच्या आतच आहे. २००१ साली ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जगात ठिकठिकाणी खास डबे लपवले गेले. दारूगोळ्याच्या पेट्या आणि आत चित्रपटातल्या वस्तू. त्यांतला नववा स्नोक्वाल्मी खिंडीतल्या जुन्या रेल्वेबोगद्यापलीकडे. मिलवॉकी रेल्वे बंद पडली, रूळ उखडले गेले, आणि सुमारे ३.६ किलोमीटरांच्या त्या किर्र काळ्या बोगद्यातून आता लोक विजेऱ्या घेऊन चालतात नि सायकली हाकतात. हिवाळ्यात त्याची दारं बंद असतात. आत जुलैतही दात वाजतात. बाकीचे बहुतेक डबे काळाच्या ओघात नाहीसे झाले. हा राहिला आणि जगभरचे खेळाडू त्याच्यासाठी वॉशिंग्टन राज्यात येऊ लागले. २०११ साली तो चोरीला गेला. तशीच हिरवी पेटी आणून ठेवणं चार पैशांचं काम होतं, आणि शेकडो मैलांवरून येणाऱ्यांची सोयही झाली असती. तसं न करता पान बंद करण्यात आलं. पाच वर्षांनी, २०१६ साली, मूळ पेटीच परत मिळाली आणि बंद झालेलं पान अपवाद म्हणून पुन्हा उघडलं. आज त्या पेटीत जी सही होते तिला काही अर्थ आहे तो मधली पाच वर्षं जागा रिकामी ठेवली म्हणून, असं मला वाटतं. त्या न्याहारीवाल्या गृहस्थांनाही हे उदाहरण आवडतं. बाईंनाही. दोघं त्यातून वेगवेगळं काढतात, ते सोडा.

देखभालीची कटकटच नसलेला एक डबा आहे म्हणायचा तर तो आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात. खासगी प्रवासी रिचर्ड गॅरियट यांनी २००८ साली तिथे आपल्या सामानाच्या कप्प्यावर खुणेची चकती लावून तो नोंदवला. २०१३ साली अंतराळवीर रिक मॅस्ट्राकियो यांनी तो शोधल्याची नोंद केली. तिथे पाऊस नाही, उंदीर नाहीत आणि थ्रोडाउन करायला खाली जागाही नाही.

भारतात डबे आहेत, मुंबईत आणि पुण्यातही, पण विरळ. त्यांतले बरेच परदेशी प्रवाशांनी नाहीतर काही वर्षांसाठी आलेल्या कंपनीवाल्यांनी लपवलेले. देखभालीची खरी कसोटी तिथे आहे, कारण खेळणारेच थोडे. शिवाय आपल्या लोकलच्या फलाटावर दिवसभर बजावतात की बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. हा खेळ तर उभाच आहे बेवारस दिसणाऱ्या वस्तूला हात लावण्यावर. ही भीती फक्त आपलीच आहे असंही नाही. इंग्लंडमध्ये यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात २०११ साली कुंडीखाली डबी सरकवणारा माणूस पाहून कॅफेवाल्याला संशय आला आणि लष्कराच्या बॉम्बशोधक पथकाने ती डबी स्फोट करून उडवली. म्हणून डब्याबाहेर हे काय आहे ते सांगणारी चिठ्ठी हवी, शक्य तर डबा पारदर्शक हवा. ऊनपावसाने चिठ्ठी पुसट झाली की ती नव्याने चिकटवणं हे मदतनीसाचं कदाचित सगळ्यांत उपयोगी काम. बाई ती चिठ्ठी ठळक छापील अक्षरांत लिहितात. मी पुण्याला निघालो तेव्हा त्यांनी मला काही कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या आणि मराठीतही लिहायला सांगितलं.

पुण्यातल्या एका टेकडीवरचा डबा बघायला मी गेलो होतो. जागा सांगत नाही, सांगायची नसते. मालक जर्मन, काही वर्षं चाकणला नोकरी करून हॅम्बुर्गला परत गेलेला. खडकाच्या कपारीत झाकण मिळालं, डबा नाही. आसपास पाहिलं, सकाळी फिरायला आलेल्या एका आजोबांनी काय हरवलंय म्हणून विचारलं, त्यांना सांगितलं तर तेही वाकून शोधू लागले. डबा नव्हताच. झाकण पिशवीत टाकलं आणि घरी येऊन ‘सापडला नाही’ अशी नोंद केली, सोबत मालकाने लक्ष द्यावं अशी तक्रारही. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. रात्रीच आलं. त्याने माफी मागितली, मला बदली डबा ठेवायची परवानगी दिली, आणि भारतातल्या कुणाला तरी डबा दत्तक द्यायचं कधीपासून मनात आहे, तुम्ही घेता का, असं विचारलं. मी सिएटलला राहतो, हे कळवल्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला.

माझ्या भाच्याला मात्र गोडी लागली. तो कोथरूडला राहतो, टेकडीवर रोज पळायला जातो, त्याचं नाव आम्ही कळवलं. मग डबा कुठला घ्यायचा यावर हॅम्बुर्ग आणि कोथरूड यांच्यात बरेच निरोप झाले. मालकाला भारतातले स्टीलचे डबे फार आवडलेले; पोलादी पेटी मिळत नसेल तर तसला घ्या म्हणाला. भाच्याने कळवलं की स्टीलचा डबा टेकडीवर संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, कुणीतरी घरी डाळ भरायला नेईल. बोहरी आळीत जाऊन त्याने खटक्याचा पारदर्शक डबा आणला, रबर तपासलं, बादलीत रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी आतला कागद कोरडा होता. पावसाळा अजून व्हायचाय.